पुसलेली चौथी ओळ

शाळेच्या भिंतीवर जी ध्येये लिहिलेली असतात, ती शाळेत खरोखर पाळली जातात की नाही, हे ओळखायचे कसे? शिक्षक असूनही हा प्रश्न मला उशिरा पडला. त्याचे उत्तर मला एका बाईंच्या हातातल्या ओल्या फडक्यात सापडले.

त्या आमच्या मुख्याध्यापिका. नव्वदच्या दशकात मी सुरतेत, उधन्याच्या बाजूला, एका सरकारी मराठी शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. पाचवी ते सातवीची मुले; बहुतेकांचे वडील खानदेशातून येऊन लूमवर किंवा कापड रंगवणाऱ्या डाईंगमध्ये लागलेले. मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, जरी उंचीने त्या सातवीतल्या मुलींच्या जेमतेम कानाला लागत.

व्हरांड्यात एक फळा होता. त्यावर शाळेची पाच ध्येये खडूने लिहिलेली असत. पेंटर पाठवू का, अशी वरून दोनदा विचारणा झाली. बाई म्हणाल्या, "नको. रंगानं लिहिलं की कोणी वाचत नाही."

दर शनिवारी शाळा सुटण्याआधी मुले त्या फळ्यासमोर बसत. बाई एकेका ओळीखाली पट्टी धरून म्हणत, "लिहिलंय ना? मग दाखवा." त्या आठवड्यात ते कुठे दिसले, हे मुलांनी सांगायचे. सांगता आले नाही तर ओळ पुसली जाई. पुढे जो ती दाखवील, त्यानेच ती पुन्हा लिहायची.

एकदा सहावीतला एक मुलगा ऐटीत उभा राहिला. "बाई, मी याला गणितात मदत केली."

"रीत सांगितलीस की उत्तर?"

"उत्तर."

बाई दुसऱ्याकडे वळल्या. "आणि तू रे, तू काय शिकलास?"

"याच्या शेजारी बसायचं, बाई."

सगळी शाळा हसली. बाईही हसल्या, आणि हसत हसतच त्यांनी 'आम्ही एकमेकांना मदत करतो' ही ओळ पुसून टाकली.

चौथी ओळ मात्र मी तिथे असल्यापासून कधी पुसली गेली नव्हती. 'सातवी पुरी केल्याशिवाय आमची शाळा कोणी सोडत नाही.' ती पुसली गेली माझ्यामुळे.

एका वर्षी तपासणी जवळ आली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी महिनाभर आली नव्हती. तपासणीच्या आदल्या दिवशी मी हजेरीपटातून तिचे नाव कमी केले. ते नियमात बसत होते, आणि अनेक ठिकाणी असेच करीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: पट एकेचाळीस, हजर एकेचाळीस.

फेरीवर आलेल्या बाई दारातच थांबल्या. "सर, काल बेचाळीस होते ना?"

"एक नाव कमी केलं, बाई."

"नाव कमी केलंत, ते कळलं. मुलगी कुठे आहे?"

मला सांगता आले नाही. बाई व्हरांड्यात गेल्या, फडके ओले केले आणि चौथी ओळ पुसली. तपासणीचे साहेब यायला अर्धा तास होता.

साहेब आले, फळ्यापुढे उभे राहिले. "बेन, आ जग्या खाली केम छे?" ही जागा रिकामी का?

"साहेब, ए वात हमणां साची नथी," बाई शांतपणे म्हणाल्या. आत्ता ती गोष्ट खरी नाही. मी मागे उभा होतो. माझे नाव आता येणार, म्हणून अंग चोरून. बाई पुढे एवढेच म्हणाल्या, "भूल मारी छे." म्हणजे, चूक माझी आहे. साहेबांनी वहीत काहीतरी टिपले. काय, ते बाईंनी कधी विचारले नाही.

मुलीचे कुटुंब सुरतेबाहेर पलसाण्याला गेल्याचे तिच्या मैत्रिणीकडून कळले. वडिलांना तिकडच्या डाईंगमध्ये काम लागले होते. रविवारी बाई मला घेऊन बसने तिकडे गेल्या. गिरणीमागच्या खोलीत मुलगी धाकट्या बहिणीला भरवत होती. आम्हाला पाहून ती उभी राहिली. बोलली तिची आई; नाव कमी झाल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "नाव ते काढी टाकं ना तुम्हीन. आते काय? नि धाकलीले कोण सांभाळी?"

मी खाली पाहिले. एरवी पुस्तकासारखे मराठी बोलणाऱ्या आमच्या बाई चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी बी धुळानीच शे, माय. चुकनं आमनं. धाकलीले बी संगे धाड." मुलीची मावशी शाळेमागेच राहत होती. दोघी बहिणी तिच्याकडे राहतील, आणि शाळेच्या वेळात धाकटी शाळेतल्या बाईंच्या खोलीत बसेल, असे बाईंनी सुचवले. आई म्हणाली, "यासले इचारसू." नवऱ्याला विचारते.

सोमवारी मुलगी आली नाही. शनिवारी मुलांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिले. बाईंनी पट्टी तिथेही धरली आणि त्या पाचव्या ओळीवर गेल्या. मला शाळेत येणे जड झाले होते.

पुढच्या गुरुवारी प्रार्थना चालू असताना फाटकातून दोघी आल्या. धाकटीच्या हातात अर्धवट खाल्लेले बिस्कीट होते. मी खडू घेऊन फळ्याकडे निघालो. बाईंनी अडवले. "आधी हजेरीपट, सर."

मी माझ्या हाताने ते नाव पुन्हा लिहिले. मग बाईंनी खडू त्या मुलीला दिला. "आली ती ही. ही लिहील." तिची ओळ थोडी चढती गेली. बाईंनी ती सरळ करू दिली नाही.

बाई निवृत्त झाल्या, धुळ्याला गेल्या, आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. मध्यंतरी मी शाळेत जाऊन आलो. तो फळा आता नाही. त्या जागी पाचही ध्येये भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिली आहेत, रेषेत, सुबक. आसपास कोणी नाही असे पाहून मी रुमाल ओला केला आणि चौथी ओळ पुसून पाहिली. एक कानाही हलला नाही.

माझ्या उत्तरावर विसंबू नका. आपल्या घराजवळच्या शाळेत जा, भिंतीवरची कोणतीही एक ओळ वाचा, आणि ती या आठवड्यात कुठे दिसली, हे तिथल्या एखाद्या मुलाला विचारून स्वतः तपासून पाहा.