खांदा निखळला म्हणे

‘हाथ ऊपर कर.’

सगळ्या पोरींसमोर क्लबचा सेक्रेटरी म्हणाला. हातात चहा, तोंडात पोहे. मी हात वर केला. ‘और ऊपर.’ आणखी वर केला. त्याने माझा डावा खांदा दोन बोटांनी दाबून पाहिला. बाजारात म्हैस दाबून बघतात तसा. मग बोटं रुमालाला पुसली आणि हसला, ‘इन लोगों की हड्डी मोटी होती है, जुड़ जाती है.’

पोरी खिदळल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

इन लोगों की. म्हणजे आमची. माझी आई इंदूरचे रस्ते झाडते. शहर स्वच्छतेचा डंका पिटतं, आणि तुकोगंजच्या बंगल्यांपुढची घाण आई उचलते. मी कबड्डी खेळते. डावा कोपरा माझा. चढाईवाल्या पोरीचा घोटा धरला की धरला. अशीच पकड करताना खांदा निखळला. बसवला, परत निखळला. शेवटी ऑपरेशन. हात गळ्यात बांधून बसले. वेणीसुद्धा आई घालायची. मग दाराच्या कडीला रबर बांधून ओढायचं, रोज. मी रडायचे. आई खेकसायची, ‘रड, पण ओढ गं पोरी!’

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. खांदा तयार होता, मीच नव्हते. हात जरा ताणला की वाटायचं, आता निघतो की काय! बसवेना, उभं राहवेना. मैदानाबाहेर नुसत्या येरझाऱ्या.

सेक्रेटरीने माझा खांदा दाबून पाहिला त्या दिवशी त्याच्या भाचीचा व्हिडिओ काढायचा होता, निवड समितीला पाठवायला. ती चढाई करणार, आम्ही पकडायचं, मग सुटू द्यायचं. क्लबचा रिवाजच तो. सगळ्या गपगुमान पाळायच्या. मला त्याने बाजूला घेतलं. ‘पैर पकड़ना, फिर छोड़ देना. बोल देंगे, कंधा उतर गया.’

वा रे वा! भाची टीममध्ये. आणि मी? खांदा निखळणारी पोर. तो व्हिडिओ बघून मला पुन्हा कोण उभं करणार? माझा कोपरा कायमचा गेला असता.

भाची आली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बोनससाठी पाय टाकला. मी झेपावले. घोटा दोन्ही हातांत. तिने हिसका दिला आणि माझा खांदा ताणला गेला. तोच ताण. घाबरले, खोटं कशाला सांगू? डोळ्यांपुढे अंधारी आली. ती मधल्या रेषेकडे सरपटत होती, मला ओढत.

‘छोड़!’ सेक्रेटरी ओरडला. ‘अबे छोड़ ना!’

नाही सोडला. दात खाऊन धरला. बाकीच्या पोरी बघत राहिल्या, एकही मदतीला आली नाही. भाचीचा हात रेषेच्या अलीकडेच राहिला आणि तिचा दम तुटला.

‘कल से मत आना,’ तो म्हणाला. ‘दिमाग चढ़ गया है इसका.’

मी उठले. त्याच्या डोळ्यांत बघून बोलले, आणि मराठीत बोलले. ‘तुमच्याकडे नाही येत. पण खेळणार.’

निवड चाचणी सगळ्यांना खुली आहे. मी जाणार. डाव्या कोपऱ्यातच उभी राहणार. भीती गेलेली नाही, ती घेऊनच उतरेन. खांदा निखळायचाच असेल, तर माझ्या पकडीत निखळेल. यांच्या सांगण्यावरून निखळणार नाही.