गोधडीखालचं पातं

जावयानं तो चाकू पिशवीतून बाहेर काढला, तेव्हा मी बाळंतिणीसाठी अळिवाची खीर ढवळत होते. लेक पहिल्या बाळंतपणाला देऊळगाव राजाला आमच्याकडे आली होती. जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी आणली. वजनाला दोन किलोच्या जरा खालीच. जावई सैन्यात. चौथ्या दिवशी रजा काढून लेकीचं तोंड बघायला आला, आणि येताना सासऱ्यासाठी भेट काय आणली, तर चाकू. तान्ह्या बाळाच्या घरात!

नेपाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. सवयीनं मी आधी कागदच वाचायला घेतला. अक्षरं सगळी आपली, पण वाक्य संपलं की हाती काही लागत नव्हतं. कागदाला मोहरीच्या तेलाचा आणि धुराचा वास होता. आत वीतभर लांबीचं काळ्या चामड्याचं म्यान, म्हशीच्या शिंगाची मूठ, आणि म्यानाच्या पाठीला खोचलेल्या बोटाएवढ्या दोन सुऱ्या. एक धारेची, दुसरी बोथट, मोठ्या पात्याला धार लावायची. जावयाच्या बरोबरच्या एका नेपाळी जवानानं आपल्या गावच्या लोहाराकडून तो करवून आणला होता, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून. भाजी, दोरी, नारळ, काय वाटेल ते कापायला. तिकडे घरोघरी असतो म्हणे.

जावयानं तो माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

"खाली ठेवा. पातं हातात देत नसतात, भांडण होतं."

"आई, तुम्ही तर सायन्सच्या मॅडम हा!" तो हसला, पण ठेवला टीपॉयवर. "धार पाहूनच घ्या हो मात्र. म्यान थोडं ढिलं हाय."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पातं हातात न देणं हा माझ्या लेखी विज्ञानाचा भाग नाही, पण तेवढं मी पाळत आले. चाकू उचलला तर दिसतो त्यापेक्षा जड निघाला. सगळं वजन पुढे, टोकाकडे, जणू हातातून निसटून कुठेतरी जायची त्याला घाई होती. पातं मधोमध वाकलेलं, आणि धार बाकाच्या आतल्या अंगाला. मुठीजवळ पात्याला एक छोटी खाच. पाठीवर हातोड्याच्या घावांचे खड्डे तसेच ठेवलेले. मला दुसरं काही सुचलं नाही, एकदम विळाच आठवला. मी चाकू म्यानात घातला आणि फडताळात अगदी वर टाकला.

त्या विळ्याचं आता सांगायला हवं.

लेकीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. मी तेव्हा दुसरबीडला नोकरीला होते, दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. सासूबाई बाळंतपणाला आल्या आणि त्यांनी बाळाच्या उशाखाली विळा ठेवला. बाळाला बाहेरची बाधा होऊ नये म्हणून लोखंड ठेवतात, सगळेच ठेवतात. पण मी नवी मास्तरीण, डोक्यात हवा गेलेली. गंजका विळा, धनुर्वात होईल, तुम्हाला काही कळतं का, असं ताडताड बोलले आणि विळा ओढून काढून मागच्या दारी सरपणावर फेकून दिला. सासूबाई उठून स्वयंपाकाला लागल्या. नवव्या दिवशी दुपारी बाळ झोपेतच गेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय जन्मतःच कमजोर होतं. मी ते ऐकलं, समजलंही. तरी आजतागायत कुठंही विळा दिसला की मला सरपणावरचा तो विळा दिसतो. सासूबाईंनी मरेपर्यंत मला कधी दोष दिला नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. लेकीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मालिश करणारी मावशी आली. बाळाला पायांवर घेतलं, तेल चोळलं, आणि चोळता चोळता विचारलं, "आज पाचवी ना? पूजेले लोखंड काहाडलं का? अन् हिच्या उशाले काऊन नाई ठेवलं काही?"

मी स्वयंपाकघरातली सुरी आणून दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. "हे स्टील हाय बाई. स्टील नाई चालत. काळं लोखंड पायजे."

"अगं, स्टील म्हणजे लोखंडच असतं."

"असंन तुमच्या शाळेत. सटवाई कोणत्या शाळेत गेली व्हती?"

घर पालथं घातलं. विळी नाही, अडकित्ता नाही, तवासुद्धा नॉनस्टिक. आमच्या सगळ्या घरात काळ्या लोखंडाचा तुकडा नव्हता. शेवटी मीच फडताळापुढे स्टूल ओढलं. खरं तर कमानपाटा म्हणजेही पोलादच, पण ते मी मावशीला सांगितलं नाही. तिनं खडबडीत पाठीवरून अंगठा फिरवला, मान डोलावली. संध्याकाळी पाटावर कोरा कागद, पेन आणि तो चाकू मांडून पूजा झाली. नंतर मी स्वतःच्या हातानं तो म्यानासकट बाळाच्या उशाशी गोधडीखाली सरकवला. यावेळी मी काहीच फेकून देणार नव्हते. लेक गालातल्या गालात हसत होती. हसू दे म्हटलं.

जावई सहाव्या दिवशी परत गेला. त्यानंतर मला नवव्या दिवसाशिवाय काही दिसेना. बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते दर अर्ध्या तासाला पाहायचे. तिनं दूध कमी घेतलं की मी घड्याळ बघत बसायचे. जास्त झोपली तर भीती, रडली तर भीती. आमचे हे, म्हणजे माझे पती, बाळाजवळ खुर्ची टाकून दुपारभर पेपर वाचत बसायचे. मला त्यांचा राग यायचा. इथं जीव टांगणीला लागलाय आणि हा माणूस छोट्या जाहिरातीही सोडत नाही.

नववा दिवस उजाडला. जेवणं झाली. लेक आंघोळीला गेली. बाळानं गोधडी ओली केली म्हणून मी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि एका हातानं गोधडी काढायला गेले, तर ती मधूनच फाटून आली. आधी काही कळेना. मग खाली पातं चमकलं. मावशी रोज अंथरूण झटकायची, पुन्हा घालायची. त्यात चाकू उशाकडून पायांकडे सरकत गेला होता आणि म्यान अर्ध्याच्या वर निघालं होतं. माझ्या जुन्या लुगड्यांची चार पदरी गोधडी आतल्या आत कापली गेली होती, सरळ रेघेत. वरचा एक पदर तेवढा राहिला होता, तो मी ओढला तेव्हा फाटला. त्याच्यावर बाळाची टाच होती, ती मी आत्ताच उचलली होती.

मी बाळाला घेऊन जमिनीवर बसले. बाळाची टाच पाहिली, पोटरी पाहिली, बोटं मोजली, पुन्हा मोजली. कुठं काही नव्हतं. तरी माझ्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचाही नव्हता. हे पेपर टाकून आले.

"मीच ठेवला हा," मी म्हटलं. "तेव्हा काढला म्हणून तो गेला, आणि आता ठेवला तर ही..."

"काय बोलून राह्यली?"

"विळा! तुमच्या आईनं ठेवलेला विळा मी फेकून दिला होता. तुम्हाला नाही आठवत?"

ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते जमिनीवर बसत नाहीत.

"आईनं परत ठेवला होता तो," ते म्हणाले. "त्याच दिवशी. तू झोपल्यावर. धुऊन, फडक्यात गुंडाळून गादीच्या खोळीत घातला होता तिनं. पोरगं गेलं त्या दिवशी मीच काढला तिथून. तुले दिसू नये म्हणून."

"म्हणजे विळा होता?"

"हाव. नवही दिवस होता."

इतकी वर्षं! सासूबाई गेल्या, आम्ही दोघं म्हातारे झालो, आणि हा माणूस गप्प. का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, आईनं तुझं ऐकलं नाही हे कळलं असतं तर तू तिच्यावर चिडली असतीस. आधीच घरात काही कमी दुःख नव्हतं. मग तो विषय राहूनच गेला.

राहूनच गेला! मी किती वर्षं त्या सरपणापाशी उभी होते, आणि यांचा विषय राहून गेला.

त्यांनी चाकू घ्यायला हात पुढे केला. मी तो उचलला, पण त्यांच्यापुढे खाली ठेवला नाही. मुठीकडून सरळ त्यांच्या हातात दिला, आयुष्यात पहिल्यांदाच. भांडण तर मला करायचंच होतं.

पण तेव्हा झालं नाही. कारण मला हलकं वाटेल असं मी समजत होते, तसं वाटलं नाही. उलट जास्तच भीती वाटली. माझ्या चुकीनं तो गेला, असं धरून चालले होते तोवर निदान चूक टाळता येत होती. आता कळलं की लोखंड होतं आणि तरी तो गेला. म्हणजे या पोरीसाठीही मी काही ठेवू शकत नव्हते आणि काही काढूही शकत नव्हते.

ह्यांनी चाकू पुसून म्यानात घातला, म्यानावरून सुतळीचे वेढे दिले आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आता आमच्याकडे त्यानं नारळ फोडतात. मी दुसरी गोधडी घातली आणि बाळाला निजवलं. बाळ ढिम्म हललं नाही. आंघोळीच्या पाण्याचा आवाज अजून येत होता. मी सवयीनं तिच्या नाकाशी बोट धरायला वाकले.

ह्यांचं बोट आधीच तिथं होतं. दुसऱ्या हातात पेपर पुन्हा उघडून धरलेला होता, आणि तो सकाळचा नव्हता, पाचवीच्या दिवसाचा होता.