खुंट्यांची भिंत

तात्यांना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, भांडं राहत असे. बीडच्या पेठेत, कारंज्याकडून माळीवेशीकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं चहाचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते मान वर न करता हात मागे नेत आणि भिंतीवरचं नेमकं त्याचंच भांडं काढून चुलीशेजारी ठेवत. "पितळी फुलपात्र, बसा, उकळी येतेय." "कल्हईचा वाडगा चार दिवस दिसला नाही. ताप होता का?" पितळी फुलपात्र म्हणजे गावातले नावाजलेले वकीलसाहेब. कल्हईचा वाडगा म्हणजे समोरचे अत्तरवाले खाँसाहेब. मी काशाची वाटी होतो. घरचं नाव बारा अक्षरांचं असलं तरी तात्यांनी मला हाक मारली ती "वाटी" अशीच.

आमच्याकडे दुकानाच्या भांड्याला ओठ लावायचा रिवाज नाही. न जाणो, आधी कोण प्यायलं असेल! म्हणून ज्याचं त्यानं घरून भांडं आणून द्यायचं आणि तात्यांनी ते काठाखाली सुतळी बांधून खुंटीला टांगायचं. मागची सबंध भिंत अशी भांड्यांनी भरली होती. बाजाराच्या दिवशी चकलांब्याकडची माणसं खास ती भिंत बघायला पायरीशी थांबत. तात्या जातीनं ब्राह्मण, धंद्यानं आचारी. लग्नाच्या पंगती रांधून रांधून कंबर गेली तेव्हा त्यांनी चहाची चूल मांडली. त्यांच्या हातचं सगळ्यांना चालत होतं. अक्षर मात्र त्यांना एक येत नव्हतं.

दुपारी पेठ पेंगायला लागली की तात्या दुकानाला फळी लावून फिरायला निघत. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास होऊन घरी बसलेला. त्यांच्याबरोबर चालण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात वाटत नसे. "पेठ नाकानं फिरावी," ते म्हणत. "डोळ्यानं फिरलास तर खिसा जातो." हलवायाच्या दुकानापुढं ते थांबत, हवा हुंगत आणि हळूच सांगत, "पाक करपलाय. आज याचं घरी वाजलंय." दुसऱ्या दिवशी कळे की हलवाईण रुसून माहेरी गेली. भजीवाल्याचं तेल किती वेळा तापलं आहे, ते वीस पावलांवरून ओळखत आणि मला रस्त्याच्या दुसऱ्या कडेला ओढत. खाँसाहेबांकडे अत्तराचा एक फाया कानात आणि गुडीशेववाल्याकडे गुळाच्या शेवेची एक चिमूट जिभेवर, एवढीच त्यांची खरेदी.

गुप्त्या करणाऱ्या कारागिराकडे मात्र ते रेंगाळत. छडीच्या पोटात पातं दडवलेली गुप्ती ही आमच्या गावची खासियत. तात्या एखादी छडी हातात घेऊन तोलत. "बाहेरून कळत नाही तोवरच ही कामाची," ते एकदा म्हणाले. मला वाटलं, कारागिरीचं कौतुक चाललं आहे.

फेरी संपे ती त्यांच्याच दुकानाच्या ओट्याशी. तिथं सावलीत सटवा चांभार छागली शिवत बसलेला असे. छागल म्हणजे कातड्याची पाण्याची पिशवी. उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी असं गार होतं की बीडच्या छागली हैदराबादपर्यंत जातात. तात्या त्याच्यापुढं उकिडवे बसत.

"उटा तात्या, लोक बघत्यात," सटवा म्हणायचा.

"बघू दे. छागल घेतोय म्हणतील."

"धा-अकरा सालं झाली, एकच छागल घेताव तुमी!"

दोघं हसत. सटवालाही चहा मिळे, पण ओट्याखाली. तात्या त्याच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पेल्यात वरून धार धरत.

माझे मामा नगरला, इंग्रजी हद्दीत राहत. तिथून ते कापसाच्या गाड्यांतून मला पत्रकं धाडत. अस्पृश्यतेवर, हुंड्यावर, परक्या कापडावर. आमच्या निजामाच्या हद्दीत ती जवळ सापडली तर कोतवालीत जावं लागे. या मुलानं दूध सोडलं आणि पत्रकं धरली, असं आई म्हणे. मी ती तात्यांना वाचून दाखवत असे. ते चहा गाळता गाळता मन लावून ऐकत आणि म्हणत, "छान लिहिलंय. लिहिणाऱ्याचं दुकान कुठल्या पेठेत आहे रे?"

"लेखकाचं दुकान नसतं, तात्या."

"हां. मग बरोबर आहे."

अडाणी माणसाची गंमत म्हणून मी हे दोस्तांना सांगत असे.

एका दुपारी मी मागच्या दारानं दुकानात शिरलो. तात्या अंगणात बसून भांडी विसळत होते. एका तांब्याच्या घंगाळात गावाची सगळी भांडी एकत्र बुडाली होती. वकीलसाहेबांचं फुलपात्र, खाँसाहेबांचा वाडगा, माझी वाटी, आणि त्यांच्यात कडेला पोचे आलेला जर्मनचा पेला. सटवाचा.

"तात्या! एकाच पाण्यात?"

"मग काय प्रत्येकाला बिंदुसरा नदी वेगळी आणू?" ते म्हणाले आणि खो खो हसले. मग त्यांनी मला भिंतीपुढं उभं केलं आणि जे दाखवलं ते मी आजही डोळे मिटले की पाहू शकतो. सटवाचा पेला पहिल्यांदा दाराबाहेरच्या खांबावर असे. दर दिवाळीला भिंतीला चुना लागे, भांडी उतरत, खुंट्या नव्यानं भरत. त्या गडबडीत तात्या तो पेला एक खुंटी आत सरकवत. वर्षाला एकच. अकरा वर्षांत तो दाराची चौकट ओलांडून वकिलांच्या फुलपात्रापासून चौथ्या खुंटीवर आला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण जो तो फक्त आपलं भांडं बघत होता.

"पेला आत आलाय. आता पेल्यामागं माणूस येईल."

"कधी?"

"आणखी सातेक दिवाळ्या."

मी भडकलो. "सात वर्षं? सटवा माणूस आहे की मुरांबा? आज, आत्ता त्याला बाकावर बसवा!"

"बसवतो. उद्या बाक उरलं पाहिजे ना?" ते म्हणाले. कुणाला सांगू नकोस असं ते म्हणाले नाहीत. तशी गरज त्यांना वाटली नाही.

मी त्या रात्री झोपलो नाही. मला असा मुद्दा सापडला होता की त्याला कोणत्याही शास्त्र्याकडे उत्तर नव्हतं. अकरा वर्षं सारी पेठ एका घंगाळात धुतलेल्या भांड्यातून पीत होती. कुणाची जात गेली? कुणाला कोड फुटलं? मी आठ पानं लिहिली, मामांनी ती नगरला छापून घेतली. मथळा होता 'एका घंगाळातलं बीड'. त्यात मी सटवाच्या छागलीतलं पाणी पिऊन त्याचाच विटाळ मानणाऱ्यांना चाबकाचे फटके मारले होते. तात्यांचा गौरव केला होता. त्यांचं नाव, दुकानाची जागा, खुंटी कितवी, सगळं ठळक छापलं होतं. वडील तहसील कचेरीत पेशकार, त्यांच्या नोकरीवर गदा नको, म्हणून स्वतःचं नाव तेवढं मी घातलं नाही. खाली सही केली, 'निर्भय'.

पत्रकं बाजाराच्या दिवशी पेठेत आली. मी मुद्दाम दुकानात जाऊन बसलो होतो, क्रांती बघायला. वकीलसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला आणि शेवटी ते जवळजवळ विनवणीनं म्हणाले, "तात्या, कुण्या वात्रटाचं काम आहे हे. नाही म्हणून टाका. विषय संपला."

"म्हन की बे!" धान्याचा आडत्या ओरडला. "तोंडात काय सुपारी हाय का?"

सगळ्यांनाच "नाही" ऐकायचं होतं. एका शब्दावर दुकान वाचत होतं. तात्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत पाहिलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "अकरा वर्षं एकच घंगाळ."

"आन् हे बाहेर कुनी सांगितलं?" आडत्यानं विचारलं.

"भांडी मी घासतो. मीच बोललो असेन कुठंतरी. म्हातारपण."

त्या क्षणी उभं राहून "हे मी लिहिलं" एवढं म्हणायला मला कुठलं पत्रक आड येत होतं? माझ्याजवळ आठ पानांचे शब्द होते, हे तीन नव्हते.

घटकाभरात भिंत उघडी झाली. कुणी भांडं पंच्यात धरून नेलं, कुणी काठीला अडकवून. संध्याकाळी कल्हईवाल्यापुढं रांग लागली, विस्तवातून काढल्याशिवाय भांडी घरात जाणार नव्हती. आडत्यानं सटवाचा पेला काठीनं रस्त्यात उडवला आणि त्यावरून गाडीचं चाक गेलं. सटवाला ओट्याशेजारून उठवलं. तो आपली आरी, दोरा, कातड्याचे तुकडे फडक्यात गोळा करत होता, तेव्हा मी पाठमोरा होऊन घरी चाललो होतो. घरी जाऊन मी जेवलोही.

जातवाल्यांनी तात्यांना प्रायश्चित्त सांगितलं. पंचगव्य घ्या, पाच ब्राह्मण जेवू घाला, मिटवू. "कशाचं प्रायश्चित्त?" तात्यांनी विचारलं, "चहा पाजल्याचं?" ज्यांना मी सात दिवाळ्या थांबणारा भित्रा म्हातारा समजत होतो, ते वेळ आल्यावर तसूभर हलले नाहीत. त्यांना वाळीत टाकलं. महिन्याभरात ते आष्टीला लेकीकडे गेले.

दीड वर्षानं मी आष्टी गाठली. लेकीनं मला आत पाट मांडला, पाण्याचा तांब्या दिला. तात्या बाहेर पडवीत होते. त्यांचा पेला आणि ताटली पडवीतच, वळचणीला पालथी घातलेली. लेक त्यांना वरून वाढत होती, अंतर राखून. तांब्या तसाच ठेवून मी पडवीत आलो.

"लेकीला बोल लावू नकोस, वाटी," तात्या म्हणाले. "तिच्या पोरीचं लग्न व्हायचंय."

मी त्यांचे पाय धरले. मीच लिहिलं, हे पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं.

"ते तर मला वकिलांचं वाचून संपायच्या आधी कळलं होतं. चौथी खुंटी दुसऱ्या कुणाला ठाऊक होती?" मग त्यांनी विचारलं, "खोटं लिहिलं होतंस का?"

"नाही."

"मग लिहिल्याचं रडू नकोस. सटवा कसा आहे?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. दीड वर्षात मी त्याची चौकशी केली नव्हती.

"माझ्यापाशी तीस कोस आलास," तात्या म्हणाले, "सटवाचं घर तुझ्या घरापासून किती लांब आहे रे?"

दहा मिनिटांवर आहे. चांभारवाड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो तो आष्टीहून परतल्यावर. सटवा दारातच शिवत होता. पेठेतली जागा गेल्यापासून माल आडत्याच्या माणसाला द्यावा लागे, तो देईल त्या भावानं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं.

"माझ्यावर लिव्हलं, माझ्या भल्याचं लिव्हलं. मग मला कावून न्हाई इचारलं?"

त्यानं टाका ओढून घट्ट केला.

"लिव्हलं त्ये चांगलंच हाय, मालक. पन माझी बसायची जागा गेली, तात्याचं दुकान गेलं. तुमचं काय गेलं?"

सात दिवाळ्यांचा तो हिशोब मला अजूनही मान्य नाही. जे चूक आहे ते आजच चूक आहे आणि आजच मोडलं पाहिजे, असंच मी अजूनही म्हणतो. पण मोडताना पहिला घाव आपल्या अंगावर घ्यायचा असतो. तो मी दोन माणसांच्या अंगावर ढकलला, त्यांना न विचारता. एवढं तात्यांना सांगायला पुन्हा आष्टीला जायचं ठरवत होतो, तोच ते गेल्याची बातमी आली. खांदा द्यायला जातीतलं कुणी आलं नाही. जावयानं आणि तीन परक्या माणसांनी त्यांना नेलं, असं ऐकलं.

मग मी हे लिहिलं, आणि छापायला धाडण्याआधी चांभारवाड्यात जाऊन सटवाला सगळं वाचून दाखवलं. तो आरी चालवत ऐकत होता. हलवायाच्या पाकापाशी हसला. रस्त्यात पेला पडतो तिथं हात थांबला. मी थांबलो तर म्हणाला, "वाचा, वाचा." संपल्यावर त्यानं दोरा दातानं तोडला.

"तात्या बराबर उतरलाय. लई बराबर. पन नावं बदला. माझं बी, तात्याचं बी. तिकडं पोरीचं लगीन हाय."

"बदलतो."

"आन् तुमचं?"

वडील अजून कचेरीत पेशकार आहेत. मी कागदांची घडी करू लागलो.

"तुमचं तेवढं खरं ठिवा, मालक," सटवा म्हणाला.

तसंच केलं आहे. छापायला धाडलेल्या प्रतीवर 'निर्भय' नाही, ते बारा अक्षरांचं नाव आहे.