सतरा ठिकाणी नाव

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.ए. मंगरूळपीरला जाऊन-येऊन केलं, एसटीचा पास काढून, एम.ए. बाहेरून. विषय इंग्रजी. आता दुसरी गोष्टही सांगून टाकते, जी आतापर्यंत फक्त माझ्या वहिनीला माहीत होती. माझं इंग्रजी कॉलेजात झालेलं नाही. कॉलेजात सर इंग्रजी कविता मराठीतून समजावायचे आणि आम्ही गाईड पाठ करायचो. मला इंग्रजी आलं ते बसच्या खिडकीशी बसून, मोबाईलवर कोरियन चित्रकथा वाचून. त्यातल्याही त्या, ज्या मोठ्या माणसांसाठी असतात आणि ज्यांत दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडतात.

असल्या गोष्टींचं नाव काढलं की लोकांच्या डोक्यात एकच चित्र येतं. ते चित्र त्यांत असतंच, मी नाही म्हणत नाही. पण तेवढ्यासाठी कुणी आठवडा-आठवडा पुढच्या भागाची वाट पाहत नाही. मी वाट पाहायचे ती हसण्यासाठी. ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खं ऑफिस ताठ बसतं असा साहेब, आणि त्याला मनातल्या मनात शिव्या घालणारा हाताखालचा कारकून. साहेबाचा चेहरा दगडाचा. फक्त कानाच्या पाळ्या लाल होतात. ते आपल्याला दिसतं, कारकुनाला दिसत नाही. कुणाची फजिती झाली की चित्रकार त्याला एकदम बोटभर बाहुल्यासारखा काढतो, डोकं मोठं, हातपाय काड्यांसारखे, आणि तो बाहुला कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. मला बसमध्ये हसू आवरायचं नाही. शेजारची बाई विचारायची, काय पाहून राह्यली वो? मी म्हणायचे, अभ्यास.

तितकाच रागही यायचा. दोन शहाणीसुरती माणसं, दोघांना नोकरी, दोघांना स्वतंत्र खोली, आणि 'तुझ्या मनात काय आहे' एवढं विचारायला चाळीस भाग लावतात. विचारायची वेळ आली की नेमकं चित्रकाराचं मनगट दुखतं आणि गोष्ट सहा महिने बंद.

एम.ए. होऊन तीन वर्षं झाली होती. तासिकेवर शिकवायचं काम एक वर्ष मिळालं, दुसऱ्या वर्षी नाही. स्पर्धा परीक्षा दिल्या, त्यांचं जे होतं ते झालं. आसेगावच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण बाबांना विचारायचा, पोरीचं काय झालं? काय झालं म्हणजे नोकरी, नाहीतर लग्न. बाबा म्हणायचे, चालू हाय तिचं. काय चालू आहे ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

अशात एका कंपनीची जाहिरात दिसली. चित्रकथा इंग्रजीतून मराठीत आणायला माणसं पाहिजेत, काम घरूनच, आधी एक भाग चाचणी म्हणून करून दाखवायचा. मी अर्ज केला. फाईल आली, उघडून पाहते तर काय, ऑफिसातला साहेब आणि हाताखालचा कारकून. दोघं पुरुष. अख्ख्या वाशिम जिल्ह्यात या कामाला माझ्याहून लायक कुणी असेल तर त्यानं पुढं यावं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला जे येतं तेच विचारलं होतं. हे काम मला पाहिजेच होतं.

गोष्टीचा पहिलाच भाग, साधा होता. कारकून दिवसभर शेजारच्या टेबलावरच्यांजवळ साहेबाचं गाऱ्हाणं करतो. संध्याकाळी सगळ्या ऑफिसचं जेवण असतं, तिथं तो पितो, जास्तच पितो. त्याला घरी सोडायची पाळी साहेबावर येते. जिन्याच्या पायरीवर कारकून कठड्याला मिठी मारून बसतो, मान वर करून साहेबाकडे पाहतो आणि त्याला नुसत्या नावानं हाक मारतो. आडनाव नाही, सर नाही. साहेबाचे कान लाल. भाग संपला.

दोन दिवसांत मी ते मराठीत केलं आणि दुपारी वहिनीला वाचून दाखवायला बसले. वहिनीला आमच्या घरात येऊन दहा वर्षं झाली. शाळा सातवीपर्यंत. समोरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे, गावातले निम्मे ब्लाऊज तिच्याकडे येतात. माझ्या चित्रकथा तिला दोन वर्षांपासून माहीत आहेत. ती शिवते, मी तोंडी मराठी करत वाचते. यातले दोघंही पुरुष आहेत हे पहिल्यांदा सांगायचं होतं तेव्हा मी अख्खं भाषण तयार करून ठेवलं होतं. ते कामीच आलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्याईच्या घरचे लग्नासाठी मांगं नाही लागत काय?" आणि एकदा मी काही पानं भराभरा सरकवली तर सुईवरून नजर न काढता म्हणाली, "काहून पलटवले ते? मी काय लेकरू हाओ?"

तर मी वाचायला लागले. साहेब कारकुनाला सांभाळतो तिथं मी लिहिलं होतं, 'आपण अतिमद्यपान केले आहे, कृपया स्वतःस सावरा.'

"बाई," वहिनी म्हणाली, "हा पंचनामा हाय का?"

मला लागलं. ही भाषा मी कष्टानं मिळवली आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी मी 'मले' म्हटलं म्हणून पहिल्या बाकावरच्या मुली हसल्या होत्या, तेव्हापासून एकेक शब्द घासून-पुसून घेतला. पण हसू येत नव्हतं हे खरं होतं. मी बोलणं साधं केलं. मग ती दोन-तीन ठिकाणी हसली. शेवटी पायरीचा प्रसंग आला तरी मशीन चालूच राहिलं. मी थांबले. ती म्हणाली, "मंग?"

मी म्हटलं, मंग काय, संपलं. त्यानं नाव घेतलं ना साहेबाचं.

"पयल्या पानापासून नावच घेऊन राह्यला तो. आता त्यात लाल व्हाचं काय हाय?"

मी फाईल पुन्हा पाहिली. खरंच होतं. इंग्रजीत कारकून साहेबाच्या तोंडावर सर म्हणत होता, पण पाठीमागे प्रत्येक वाक्यात त्याचं नाव होतं. मी ते पन्नास वेळा वाचलं होतं आणि मला खटकलं नव्हतं. वहिनीला एका वाचनात खटकलं, आणि त्याला कारण आहे.

वहिनी माझ्या भावाचं नाव घेत नाही. आता गावातल्या नव्या सुना नवऱ्याला फोनवर नावानं हाका मारतात, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. वहिनीला कुणी बंदी केलेली नाही, भावानं तर नाहीच. ती घेत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावताना नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगितलं. तो दुकानवाला म्हणाला, तुमच्या तोंडून सांगा ना वहिनी, तर म्हणाली, "मंग इथंच उखाणा घेऊ काय?" रांग हसली. घरात भाऊ म्हणजे 'हे', माझ्याशी बोलताना 'तुमचे दादा', बिनसलं असेल तर 'ते टॅक्टरवाले'. कोणत्या शब्दानं बोलते त्यावरून घरातलं वातावरण कळतं.

एकदाच मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं आहे. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीला हात लावताना भावाला झटका बसला आणि तो फेकला गेला. वहिनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होती. तिथून तिनं जी हाक मारली ती शेजारच्या दोन शेतांत ऐकू गेली. त्याला फार काही झालं नव्हतं, कोपर सोललं होतं. तो उठून बसला, अंगावरची माती झटकली. मग दोन दिवस गालात हसत फिरत होता, आणि वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्या दुपारी मी तिला त्या हाकेची आठवण करून दिली नाही. तिनंच म्हटलं, "नाव आंदी दडवा लागते, बाई. दडवलं तं मंग बाहीर निंगन ना."

मग आम्ही दोघींनी बसून कारकुनाच्या तोंडचं साहेबाचं नाव काढून टाकलं. सगळीकडून. सकाळी तो साहेबाला 'ते' म्हणतो. फाईल परत आली की 'आपले ते'. फार चिडला की 'काचेतले', कारण साहेबाची खोली काचेची. जेवणाच्या वेळी साहेब त्याच्या ताटात न विचारता मटणाचा तुकडा ठेवतो, तिथं कारकून शेजाऱ्याला म्हणतो, 'आमच्या ह्यांनी वाढलं.' आणि स्वतःच दचकतो, आणि लगेच तो बाहुला होऊन टेबलाखाली जातो. चित्र तसंच होतं, फक्त इंग्रजीत तिथं हसू नव्हतं. वहिनीला इतकं हसू आलं की टाका चुकला, उसवावा लागला. शेवटी पायरी आली. कठडा, वर केलेली मान, आणि नाव. मशीन थांबलं. मी फाईल पाठवून दिली.

चार दिवसांनी उत्तर आलं. तपासणारी व्यक्ती कोण, बाई की माणूस, कुठल्या शहरातली, मला माहीत नाही. शेरे इंग्रजीत होते. भाषा ओघवती, विनोद चांगला उतरला आहे. पुढं लाल अक्षरांत: सतरा ठिकाणी पात्राचं नाव गाळलेलं आहे, मुळाप्रमाणे परत घालावं.

मला मूळ या शब्दाचा राग आला. मूळ तर कोरियन. त्या गोष्टीचा पहिला भाग कोरियनमध्ये फुकट पाहता येत होता, मी तो उघडला. कोरियन वाचायच्या बाबतीत मी आणि वहिनी सारख्याच अडाणी. पण साहेबाच्या टेबलावर नावाची पाटी काढलेली होती, तीन अक्षरं. आडनाव त्यांच्यात आधी येतं एवढं मला माहीत होतं. म्हणजे नंतरची दोन अक्षरं नावाची. ती मी कागदावर मोठी करून काढली आणि आम्ही दोघी संवादाचा एकेक फुगा तपासत खाली आलो. मी दोनदा चुकले, मला सगळी अक्षरं सारखीच दिसत होती. वहिनी चुकली नाही. लेसच्या दोन डिझाइनींतला फरक जशी पाहते तशी ती पाहत होती. "हे नाही, याची काडी आतून हाय." आडनावाचं अक्षर चार-दोन ठिकाणी सापडलं, त्याच्या पुढं दुसरंच काही, पद असावं. नावाची दोन अक्षरं अख्ख्या भागात एकदाच होती. पायरीवर.

म्हणजे आमचंच बरोबर होतं. मूळ चित्रकथेतही कारकुनानं नाव दडवलंच होतं. इंग्रजी करणाऱ्यानं ते सगळीकडे वाटून टाकलं.

मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, चांगलं दीड पान. कुठल्या चौकटीत काय आहे, नाव फक्त शेवटी का यायला पाहिजे, आमच्याकडे नाव न घेण्याची रीत काय आहे, सगळं. एवढं चांगलं इंग्रजी मी एम.ए.च्या पेपरातही लिहिलं नव्हतं. उत्तर दोन ओळींचं आलं. या कामासाठी मूळ म्हणजे इंग्रजी फाईल. उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्ती पाठवल्यास निवड पक्की करता येईल.

मला भांडायला येतं. गावात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दोन ओळींशी भांडायचं कसं ते मला कळलं नाही. त्या कुठं रागानं लिहिल्या होत्या? आणि बाबांनी आसेगावात सांगून टाकलं होतं की पोरगी कोरियाचं काम करते.

सतरा ठिकाणी नाव घालायला दहा मिनिटंही लागली नाहीत. 'आमच्या ह्यांनी वाढलं' खोडलं, तिथं नाव लिहिलं. त्या चौकटीत कारकून तसाच टेबलाखाली बसला होता, आता विनाकारण.

निवड झाली. बाबांनी विचारलं, कशावर असते ती गोष्ट? मी म्हटलं, ऑफिसवर. ते म्हणाले, चांगलं हाय, तुले अनुभव येईन.

भाग मोबाईलवर आला तेव्हा वहिनी म्हणाली वाचून दाखव, छापलेलं. मी टाळलं, ती ऐकेना. वाचलं. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत मशीन एका लयीत चालू होतं. टेबलाखालचा बाहुला येऊन गेला. पायरी येऊन गेली. मीच चिडले आणि म्हटलं, इथं हसायचं असतं.

"कुटं?"

मी म्हटलं कंपनीला असंच पाहिजे, मी काय करू, काम करायचं का नाही मी? आवाज चढला होता माझा, आणि तिनं काहीच केलेलं नव्हतं.

"काहून नाही? कर ना," ती म्हणाली, आणि बाही उलटी करून सुईखाली घेतली. "कंपनीले हासू दे मंग."

दुसऱ्या भागाची फाईल सोमवारी आली. सोबत एक ओळ होती: पात्रांची नावं जिथं आहेत तिथं तशीच ठेवावीत. पहिल्याच फुग्यात साहेबाचं नाव होतं. मी टाइप केलं.