खोकून दाखवा

यवतमाळचा तो लॅबवाला कोणी भेटलं की नमस्काराऐवजी "खोकून दाखवा" म्हणायचा.

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत मी सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचा मॅनेजर होतो. वजन वाढावं म्हणून गंजीवर पाणी मारायला लावायचो. कापसाला बुरशी लागली आणि आमचा एक हमाल खोकून खोकून आडवा झाला.

"रिपोर्टात बिडीचा खोकला लिही," त्याची थुंकी तपासणाऱ्या लॅबवाल्याला मी म्हणालो.

त्यानं मला सूक्ष्मदर्शकात पाहायला लावलं. "हे फुफ्फुसातली पेशी, साहेब. बुरशीचं अंग चाचपून ओळखते, गिळते. नाही गिळवली तं भावकी बोलावते. तिले समजते, तुमाले काहून नाही?"

त्यानं 'बुरशी'च लिहिलं. मी कागद फाडला.

"फाडा. दुसरा सकाळीच डॉक्टरले देल्ला."

हमाल वाचला. दुखणं साहेबांनी ओळखलं असं समजून त्याच्या बायकोनं मला नारळ दिला, आणि मी तो घेतला.