शोभाला शब्द सापडेनात तेव्हा

"हा स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. ते आमच्यासमोर नव्हते. हिंगोलीच्या दवाखान्यात माझ्या बायकोच्या, शोभाच्या, डोक्याचा सीटी स्कॅन काढला. त्याचं चित्र कॉम्प्युटरवरून शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलं आणि ते पडद्यावरून सांगत होते.

तिचा स्ट्रोक म्हणजे रक्ताची गुठळी अडकून मेंदूकडे जाणारं रक्त बंद झालं होतं. ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच द्यावं लागतं. पण शोभा सकाळी उठली तीच वाकड्या तोंडाने. झोपेत कधी झालं, कुणाला ठाऊक? इंजेक्शन देता आलं नाही.

लुळा पडलेला हात हळूहळू हलू लागला. बोलणं आलं नाही. याला अफेजिया म्हणतात. तिला कळायचं सगळं, पण शब्द सापडायचे नाहीत.

शोभा आमच्या डोंगरकडा गावच्या बाजारात बायांना बांगड्या भरायची. त्यांना बोलण्यात गुंतवून हात मऊ करायची. आता त्याच बाया भेटायला यायच्या, तिची चौकशी माझ्याकडे करायच्या. ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नव्हती. मेडिकलवाल्याने आमचा नंबर त्याच्या कॉम्प्युटरमध्ये घातला. रोज सकाळी फोन यायचा. रेकॉर्ड केलेला आवाज विचारायचा, "गोळी घेतली का?" मग मी बटण दाबायचो.

एकदा मी अंगणात हळद वाळत घालून राहिलो होतो. फोन वाजला, शोभाने उचलला. आतून आवाज आला, "व्हय."

मी दारातच बसलो. इतक्या महिन्यांतला तिचा पहिला शब्द, आणि तो मशीनला. आनंद झाला की वाईट वाटलं, सांगता येत नाही.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो आवाज एकच प्रश्न विचारतो आणि थांबतो. काका, तुम्ही थांबता का?"

मी पाणी पाहिजे का विचारायचो आणि लगेच तांब्या हातात द्यायचो.

पूर्वीसारखं बोलणं येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते पचवायला जड गेलं. तुमच्या घरात असं झालं तर छोटं विचारा आणि वाट बघा. वाट लांब असते.

परवा ती भरल्या डोळ्यांनी बसली होती. विचारलं, "रडू येतंय का?"

बऱ्याच वेळाने म्हणाली, "व्हय." मी उठणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला. ओठ हलत राहिले. मी थांबलो.

"तुमाला?"

या आजारपणात मला हे कुणीच विचारलं नव्हतं.