सुंदराक्का आणि आईची खुर्ची

सुंदराक्कांना काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की त्या आधी तोंडातले खिळे काढून तळहातावर घेत. सोफ्याला कापड ठोकणारी माणसं बारीक खिळे ओठांत धरतात, एकेक काढतात आणि ठोकतात; पण आक्कांच्या तोंडात ते दिवसभर असायचे. त्यामुळे निम्म्या गोष्टी त्या नुसत्या 'हं'वर भागवायच्या. खिळे तळहातावर आले, की समजायचं, आता कान देऊन ऐकलं पाहिजे. मी एकदा ऐकलं नाही, आणि ते मला अजून खातं.

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. माहेर मुखेडचं. काम नवऱ्याच्या हाताखाली शिकल्या, आणि तो गेल्यावर दुकान एकटीनं चालवलं. नवं गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, मिस्त्री कुठंयत? त्या हातोडी खाली न ठेवता म्हणायच्या, "बोला की, तुमच्या म्होरंच हायत." गेल्या वर्षी आक्काही गेल्या. दुकानाला आता कुलूप आहे, आणि तिथून जाताना मी उगाच पलीकडच्या कडेनं जाते.

जुनी खुर्ची आली, की आधी कापड फाडायचं नाही, बैठकीवर तळहात दाबून फिरवायचा, ही त्यांची रीत. एकदा माझ्यासमोर एका वकिलांच्या खुर्चीवर त्यांनी असा हात फिरवला आणि त्यांनाच विचारलं, डावा गुडघा दुखतोय का सायेब? वकील चाट पडले. बैठक उजवीकडं खचलेली, उजव्या बाजूचं पॉलिश गेलेलं, एवढ्यावरून! त्या दिवसापासून मी तर त्यांच्यासमोर खुर्चीत बसायलाच कचरायची.

तर आईची खुर्ची. आई औशाला शाळेत बाई होती. नोकरी लागली तेव्हा घेतलेली ही सागवानी खुर्ची. तिच्यात बसून तिनं जन्मभर वह्या तपासल्या. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत राहिलं, काठीच्या आधारानं चार पावलंही टाकता यायची. पण उठायला माझा हात लागे. डॉक्टर म्हणाले, स्वतःहून उठत राहिल्या तरच पाय टिकतील, नाहीतर अंथरूण धरतील. आई मात्र उठायचंच टाळू लागली. महिनाभरानं माझ्या ध्यानात आलं, की ती पाणीच पीत नाही. पाणी प्यायलं की मोरीपर्यंत जायला लागतं, आणि दर खेपेला लेकीनं काखेत धरून उचलायचं, हे त्या करारी बाईला सोसत नव्हतं. भर उन्हाळ्यात ओठ फुटलेले आणि उशाशी तांब्या तसाच भरलेला.

खुर्ची खिळखिळी झाली होती, म्हणून ती आक्कांकडं नेली. मी म्हणजे उंटावरची शहाणी. भारी फोम निवडला, जांभळी मखमल निवडली आणि लोण्यासारखी मऊ करा म्हणून बजावलं. आक्कांनी खिळे तळहातावर घेतले.

"घरी येऊन मावशीला एकदा बगू का?"

मी म्हटलं, कशाला, खुर्ची तर इथंच आहे. लग्नसराईची कामं साचली होती, त्यांनीही खिळे परत तोंडात टाकून 'हं' केलं.

खुर्ची घरी आली. आई बसली ती आतच गेली. गुडघे वर, कंबर खाली. आता तर मी दोन्ही हातांनी ओढूनही ती उठेना. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाली, मला आता पलंगावरच ठेव. आणि मी राग कुणावर काढला, तर फोन करून आक्कांवर!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का पिशवी घेऊन हजर. आईला त्याच खुर्चीत बसवायला लावलं, समोर फरशीवर मांडी घालून बसल्या आणि तिला उठायला सांगितलं. आई धडपडली. मी पुढं झाले, तर आक्कांनी मला डोळ्यांनीच दटावलं. आईचा पाय जिथं टेकला तिथं फरशीवर खडूची रेघ, उजव्या हाताचा पंजा जिथं रेटला तिथं खुर्चीच्या हातावर रेघ. मग आम्ही दोघींनी आईला पलंगावर बसवलं. आक्कांनी चाकू काढला आणि ती नवीकोरी मखमल टर्रकन फाडली. मी ओरडलेच.

खिळे तळहातावर आले. "चूक माझी हाय ताई. बसणार मावशी, आन् मी इचारलं तुमाला."

फोम दाराबाहेर गेला. बैठकीच्या बुडाला नवारीच्या जाड सुती पट्ट्या त्यांनी पायाचा रेटा देऊन ताणल्या, नारळाचा काथ्या बोटांनी पिंजून त्यावर थर दिले, दाभणानं सुतळीचे टाके घातले. दर थराला आईला बसवायचं आणि स्वतः खुर्चीखाली शिरून नवारीला तळहात लावायचा, वजन कुठं पडतंय ते बघायला. साठी उलटलेली बाई, फरशीवर उताणी! "डावीकडं आजून मूठभर," असं स्वतःशीच पुटपुटायच्या. बैठक दोन बोटं उंच झाली, पुढची कड टणक झाली, डावीकडं जरासा चढ आला. आईचा पंजा रेटायचा तिथलं लाकूड घासून तिच्या मुठीत मावेल असं गोल केलं. मी नुसती बघत राहिले. पन्नास वर्षं आईजवळ काढली, पण तिचं वजन कुठं पडतं हे मला ठाऊक नव्हतं.

दिवस कलताना आई खुर्चीत बसली. आक्का म्हणाल्या, उठा मावशी. आईनं मूठ आवळली, पुढं झुकली, थरथरायला लागली. मी धावले, तर आक्कांनी माझी ओढणी धरली.

"हात लावू नका ताई. खुर्ची हाय की."

आई उभी राहिली. एकटी. काठी घेतली, भिंतीच्या कडेनं मोरीपर्यंत गेली आणि आतून दार लोटून घेतलं. मला रडू आवरेना. आक्का खाली बसून फरशीवरचे काथ्याचे धागे वेचत होत्या.

आई परत आली, आपली आपण खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पाणी दे गं. पेला नको, तांब्याच आण."